संकराचा जोम काट्यावर मोजा

उमापूरच्या शिवारात शेळी म्हणजे उस्मानाबादी. काळी, काटक, जुळी देणारी. बोअर जातीचा बोकड मूळचा दक्षिण आफ्रिकेतला, अंगाने भरलेला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात बोअर महाराष्ट्रात आणला, पुढे त्याचा संकर आमच्या गेवराई तालुक्यातही आला. मला बोअरचा बोकड विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, "संकरामुळे करडं चाळीस टक्के जड भरतील." करडं जड भरली, यात खोटं नाही. पण तेवढ्यावर घरची जात मोडायला निघालेले लोक पाहिले, म्हणून हे लिहितोय.

हिशेब असा. समजा, तिसऱ्या महिन्यात उस्मानाबादीचं करडू १० किलो भरतं, शुद्ध बोअरचं १६ आणि संकराचं १४. दहावरून चौदा, म्हणजे चाळीस टक्के वाढ. पण आईबापांच्या जातींची सरासरी येते १३. संकराचा जोम म्हणजे या तेरावरचा एक किलो, जेमतेम आठ टक्के. बाकीचे तीन किलो बोअरच्या रक्ताचे.

शुद्ध बोअरची करडं आपल्या गोठ्यात नसतील तर जोमाचा टक्का सांगूच नये. दुसरीकडे भरपूर खुराकावर वाढलेल्या बोअरचं वजन उसनं आणून गणित मांडलं की उत्तर चुकलंच. आपल्याकडे दोन गटांत किती फरक पडला, एवढंच सांगावं.

तोही फरक बहुतेक घरी खुराकच पाडतो. संकराचं करडू महागाचं, म्हणून त्याला मक्याचा भरडा. उस्मानाबादीचं बांधावर चरून येतं. वजन वाढलं की श्रेय रक्ताला. कार्तिकात जन्मलेलं करडू आणि वैशाखात जन्मलेलं करडू यांचीही तुलना होत नाही. दोन्ही गट एकाच हंगामातले, एका गोठ्यातले, एका खुराकावरचे हवेत.

जन्मल्या दिवशीच कानात बिल्ला मारा. वहीत आईचा नंबर, तिचं कितवं वेत, नर की मादी, एकटं की जुळं, सगळं लिहा. एकटं करडू जुळ्यापेक्षा जड असतंच. त्यांची सरमिसळ झाली की वही निकामी. वजन सकाळी, दूध पाजण्याआधी घ्यायचं. पोत्याची झोळी ताणकाट्याला अडकवून आधी काटा शून्यावर आणा, मग करडू ठेवा. ते धडपडतं आणि काटा नाचतो. स्थिर होईपर्यंत थांबा. अंदाजे आकडा लिहू नका.

मेलेली करडं वहीतून खोडू नका. जगण्याची आणि विण्याची ताकद यांतच संकराचा जोम जास्त दिसतो, वाढीत त्याहून कमी. म्हणून खरं माप एका शेळीमागे वर्षाला जगलेल्या करडांचे एकूण किलो. चौदा किलोच्या एकट्या करडापेक्षा दहा-दहाची जुळी केव्हाही बरी.

पुढची पिढी नीट समजून घ्या. संकरित कापसाचं बी आपण घरी राखून पेरत नाही, तसंच इथेही आहे. संकराच्या पाठीला संकराचाच बोकड दाखवला की जोम निम्म्यावर येतो आणि करडं एकसारखी निघत नाहीत. एक बापावर जातं, एक आजीवर. त्यामुळे पहिली पिढी पुन्हा हवी असेल तर शुद्ध उस्मानाबादी शेळ्या दावणीला राहिल्याच पाहिजेत. त्या विकल्या तर संकर करणार कशावर? फलटणच्याच नारी सुवर्णा मेंढीची गोष्ट वेगळी. तिच्यात बंगालच्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक मुद्दाम आणलंय. ते जोमासारखं पुढच्या पिढीत निम्म्यावर येत नाही, निवड नीट केली तर कळपात टिकतं.

बोअरवर पैसे घालण्याआधी आणखी एक गट करून बघा. गावोगाव घरचाच बोकड वर्षानुवर्षं आपल्याच लेकी-बहिणींवर चालतो आणि करडं खुजी होत जातात. अशा कळपात बाहेरचा कुठलाही बोकड आला की सुधारणा दिसते. लांबच्या गावातला, नात्यात नसलेला उस्मानाबादी बोकड थोड्या शेळ्यांना दाखवा आणि त्याची करडंही त्याच काट्यावर, त्याच वहीत घ्या. बोअरच्या नावावर जमा होणाऱ्या किलोंपैकी किती एवढ्यानेच मिळतात, ते तिसऱ्या महिन्यात कळेल.