हातात तलवार, तोंडी मंत्र

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये मंत्रही म्हणणारं आणि तलवारही चालवणारं कॅरेक्टर बनवताना बहुतेकांचं सगळं लक्ष डॅमेजवर असतं. मी मात्र म्हणेन, आधी कॉन्सन्ट्रेशन सांभाळा. 'हेस्ट' मंत्राने तुमचा वेग दुप्पट होतो खरा, पण मार बसून कॉन्सन्ट्रेशन तुटलं की एक अख्खी टर्न नुसतं उभं राहायचं, तेही शत्रूच्या पुढ्यात!

२०१४ च्या नियमांनी गणित मांडू. मार बसला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. फाशाचा आकडा अधिक कॉन्स्टिट्यूशनचा बोनस, बेरीज किमान १० हवी. मार २२ किंवा जास्त असेल तर त्याच्या निम्मी.

कॉन्स्टिट्यूशन १६ असेल तर बोनस ३, म्हणजे यशाची शक्यता ७०%. पहिली लेव्हल फायटरची घेऊन मग विझार्ड झालात तर बोनस आणखी किमान २ ने वाढतो, शक्यता ८०%. त्यावर 'वॉर कास्टर' हे फीट घेतलं की फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. झाले ९६%! शिवाय अंगावर जड चिलखत. किंमत एवढीच, की वरचे मंत्र एक लेव्हल उशिरा मिळतात.

तेव्हा आधी टिकून राहा. वार करायला संधी भरपूर मिळेल.