सुरक्षिततेच्या सूचना वाचताना



"एकटे जाऊ नका. मोठ्याने ओरडा. लगेच कुणाला तरी सांगा." सुरक्षिततेच्या पत्रकात अशा सूचना असतात. ज्यांनी अत्याचार सोसला आहे, त्यांना मात्र त्यातून प्रश्न ऐकू येतो: "मग तेव्हा का नाही ओरडलात?" तुमचेही असे होत असेल, तर हा पाठ तुमच्यासाठी आहे.

१. सूचना पुढच्यासाठी असते. अंदाजपत्रक येणाऱ्या वर्षाचे करतात. ते हातात धरून मागच्या वर्षाचा दोष काढत नाहीत. जे घडले त्याची जबाबदारी ते करणाऱ्याचीच, पूर्णपणे.

२. सूचना कोणत्या प्रसंगासाठी आहे ते पाहा. पुष्कळ सूचना अंधारा रस्ता आणि अनोळखी माणूस गृहीत धरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या आकडेवारीत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा होता. नातेवाईक, शेजारी किंवा शिक्षकाबाबत ती सूचना लागू पडली नाही, तर उणीव सूचनेत आहे, तुमच्यात नाही.

३. ओरडता न येणे हा दोष नाही. भीतीने शरीर थिजते, आवाज फुटत नाही. हे कुणी ठरवून करत नाही. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येत नाही, हे २०१३ पासून कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ते आहे.

४. मध्येच थांबा. छाती धडधडू लागली, तर कागद बाजूला ठेवा. पावले जमिनीवर टेकवा, श्वास सावकाश सोडा, समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्या. डोळे मिटल्याने त्रास वाढत असेल, तर ध्यानातही ते उघडे ठेवा.

५. उपयोगाचे तेवढेच घ्या. त्रास देणारी व्यक्ती घरातली असेल आणि तुमचा फोन तपासत असेल, तर क्रमांक फोनमध्ये न ठेवता पाठ करा: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या वेळी ११२. केलेल्या कॉलची नोंद फोनमध्ये राहते. शक्य असेल तर विश्वासातल्या व्यक्तीच्या फोनवरून बोला. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये महिलांना वैद्यकीय मदत, कायदेशीर सल्ला आणि समुपदेशन एकाच ठिकाणी मिळते.

आजचा अभ्यास: एक सूचना निवडा. ती लागू असेल, तर तिच्यासमोर "पुढच्यासाठी" असे लिहा. नसेल, तर तिच्यावर रेघ मारा.

आणि तुम्ही या सूचना गटात वाचून दाखवणार असाल, तर आधी एवढे सांगा: "इथे कुणावर असा प्रसंग आला असेल, तर त्यात तुमचा दोष नव्हता." मग पहिली सूचना वाचा.