तेल सांडण्याआधीची नोकरी

अलिबागजवळच्या एका शाळेत दहावी-बारावीच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली तरी एक गृहस्थ मुलाला घेऊन दाराशी थांबले होते. धरमतरच्या खाडीत बार्जवर सारंग आहेत. मुलगा अकरावी सायन्सला. ‘‘सर, याला पाण्यात सांडलेलं तेल आवरायचं काम शिकायचंय. अशी नोकरी असते तरी का? आणि तेल काय रोज सांडतं?’’

दुसऱ्या प्रश्नात बापाची सगळी काळजी आली. रोज सांडत नाही, हे खरंच आहे. या कामातले बहुतेक दिवस तेल न सांडलेले असतात आणि पगार त्या दिवसांत केलेल्या तयारीचाच मिळतो. यंत्र रोज चालू करून बघणं, दोर बदलणं, नकाशावर खाडीचं प्रत्येक तोंड ओळखणं यात ज्या मुलाचं मन रमेल, त्याच्यासाठी हे क्षेत्र आहे. फक्त बातम्यांतली धावपळ पाहून ज्याला यावंसं वाटतं, तो दोन वर्षांत कंटाळेल. हे मी त्या मुलाला तिथेच सांगितलं.

मग वडीलच २०१० बद्दल बोलू लागले. त्या वर्षी ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडलं, कंटेनर पाण्यात घसरले आणि इंधनाच्या टाक्यांतून ढोबळ अंदाजाने ८०० टन तेल समुद्रात गेलं. तरंगत्या कंटेनरांमुळे मुंबई आणि जेएनपीटी ही दोन्ही बंदरं काही दिवस बंद ठेवावी लागली. उरण-अलिबागच्या बाजूला तिवरांच्या मुळांवर काळा थर चढला. नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर आली होती, होड्या रंगवून तयार होत्या आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. सारंग तेव्हा पंचविशीतले, वडिलांच्या होडीवर खलाशी. ‘‘जाळं रॉकेलनं धुतलं, मग साबणानं धुतलं, तरी हात काळेच. शेवटी जाळं टाकून दिलं.’’

तटरक्षक दलाने तेव्हा हाताशी होती ती जहाजं आणि हेलिकॉप्टरं कामाला लावली. पण खास तेलगळतीसाठी बांधलेलं त्यांचं ‘समुद्र प्रहरी’ हे जहाज सेवेत आलं ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. तयारी दोन महिने उशिरा पोचली तर किनाऱ्यावर काय होतं, ते रायगडच्या माणसांनी पाहिलं आहे. म्हणून या क्षेत्राबद्दल मी जरा पोटतिडकीने बोलतो.

आता काम काय असतं ते नीट पाहू. तेल पाण्यावर पडलं की घड्याळ सुरू होतं. हलका भाग उडून जातो आणि ती वाफ श्वासातून आत गेली तर घातक ठरते. म्हणून प्रशिक्षित माणूस आधी गॅस मोजण्याचा मीटर काढतो, बादली नंतर. उरलेलं तेल लाटांनी घुसळलं जाऊन पाणी पोटात घेतं आणि तपकिरी, लापशीसारखं होतं. अशा वेळी उचलायचा माल मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट होऊ शकतो आणि पंपातून सरकता सरकत नाही. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा किती तेल सांडलं याचा सुरुवातीचा अंदाज अगदीच तोकडा निघाला. घट्ट राड यंत्रांना ओढेना, म्हणून शेकडो माणसांनी खडकांवर उभं राहून ती बादल्यांनी भरली. त्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्यावर बादली उचलायची वेळ येऊ नये, यासाठीच शिकलेली माणसं लागतात.

तवंग कुठे जाणार, हे गणिताने सांगता येतं. वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने तो वाऱ्यासोबत सरकतो आणि पाण्याचा प्रवाह तर त्याला पूर्ण वेगाने नेतो. वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल तर तवंगाला त्याच्यामुळे तासाला जेमतेम एक किलोमीटर मिळतो. खाडीतली भरती मात्र त्याला कितीतरी भरभर आत ओढते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था असे अंदाज संगणकावर काढून देते. भौतिकशास्त्र, समुद्रविज्ञान, गणित, प्रोग्रामिंग यांपैकी काहीही आवडणाऱ्या मुलाला तिथे, किंवा गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, संशोधनाची वाट आहे. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यांवर येणारे डांबरगोळे नेमक्या कुठल्या तेलाचे, हे तिथे रासायनिक ओळखीवरून शोधलं जातं.

एका बंदरातला सराव मी जवळून पाहिला आहे. तेलाच्या जागी भाताचं तूस पाण्यात सोडलं होतं. बूम म्हणजे नारिंगी रंगाचा तरंगता पट्टा, वर फुगीर आणि खाली पाण्यात पडद्यासारखा लोंबणारा. पोरांनी तो झटपट उलगडला, दोन्ही टोकं बांधली, जेटीवर टाळ्याही पडल्या. ओहोटी लागली आणि दहा मिनिटांत सगळं तूस बूमच्या खालून निघून पलीकडे तरंगायला लागलं. बूम प्रवाहाला काटकोनात लावला होता. बूमवर सरळ येणारा प्रवाह सेकंदाला साधारण ०.३५ मीटरच्या पुढे गेला की तेल खालून निसटतं. म्हणून वेगवान पाण्यात बूम तिरपा लावतात, तेल काठाकडच्या संथ पाण्यात वळवतात आणि तिथे स्किमरने, म्हणजे पाण्यावरचं तेल खेचून घेणाऱ्या यंत्राने, ओढतात. पुस्तकात ही एक ओळ आहे. तिथल्या पर्यवेक्षकाने तो बूम त्याच दुपारी पुन्हा चार वेळा लावून घेतला, चौथ्यांदा तूस काठाला आलं, तेव्हा कुठे जेवायची सुट्टी झाली.

नद्यांत हे गणित आणखी कठीण होतं. डिसेंबर २०१४ मध्ये बांगलादेशच्या सुंदरबनात शेला नदीत तेलवाहू जहाज बुडून साडेतीन लाख लिटरच्या आसपास फर्नेस ऑइल पाण्यात गेलं. गावकऱ्यांनी स्पंज आणि स्वयंपाकाची भांडी घेऊन ते गोळा केलं. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग १११ झाले. सारंग ज्या पाण्यात रोज बार्ज चालवतात ती अंबा नदी त्यांतला १० क्रमांकाचा, गोव्यातली मांडवी ६८ वा. या पाण्यात वाहतूक वाढेल तशी तयारीची माणसंही वाढावी लागतील.

मग शिकायचं काय? पालकांनी इथे नीट लक्ष द्यावं. ‘तेलगळती’ नावाची पदवी शोधू नका. आधी एक भक्कम मूळ विद्या हवी. तेलगळतीचं प्रशिक्षण त्यावर चढतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने आखलेल्या अभ्यासक्रमाचे तीन स्तर आहेत. पहिला प्रत्यक्ष उपकरणं हाताळणाऱ्यांचा, दुसरा पर्यवेक्षकांचा, तिसरा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा. हे काही दिवसांचे कोर्स असतात आणि बहुतेक वेळा नोकरी देणारी संस्थाच पाठवते. बारावीनंतर लगेच ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणून लाखभर रुपये मागणाऱ्याच्या दारात जाऊ नका. एका आईने दागिने मोडून असे पैसे भरले होते. मुलाच्या हाती आलेलं प्रमाणपत्र एकाही बंदराने विचारलं नाही. ती माउली माझ्यासमोर रडली, ते मी विसरलेलो नाही.

सरळ वाट तटरक्षक दलाची आहे. राष्ट्रीय आपत्ती आराखड्यानुसार समुद्रातल्या तेलगळतीची मुख्य जबाबदारी याच दलाकडे आहे; बंदराच्या हद्दीत पहिली जबाबदारी बंदराची, किनाऱ्यावर राज्य सरकारची. नाविक (जनरल ड्यूटी) होण्यासाठी गणित-भौतिकशास्त्रासह बारावी, यांत्रिक होण्यासाठी डिप्लोमा, असिस्टंट कमांडंटसाठी पदवी, पण त्यातही जनरल ड्यूटीला बारावीपर्यंत गणित-भौतिकशास्त्र लागतंच. म्हणून अकरावीत गणित सोडू नका. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन नाविकाला २१,७०० रुपयांपासून, यांत्रिकाला २९,२०० आणि असिस्टंट कमांडंटला ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं; भत्ते वेगळे. वयोमर्यादा कडक असते, म्हणून ताजी जाहिरात स्वतः वाचा. दलात गेलं की तेलगळतीचंच काम मिळेल असं नाही, पण ‘समुद्र प्रहरी’सारख्या जहाजांवर आणि प्रदूषण प्रतिसाद पथकांत ते शिकायला मिळतं. गोवा शिपयार्डने अलीकडे ‘समुद्र प्रताप’ हे असंच जहाज बांधलं. म्हणजे नेव्हल आर्किटेक्चर किंवा मरीन इंजिनीअरिंगवाल्यालाही इथे जागा आहे.

बंदरं आणि तेल कंपन्यांना छोट्या गळतीची तयारी स्वतः ठेवावी लागते. अनेक ठिकाणी हे काम कंत्राटदार करतात. बोट, बूम, स्किमर आणि चोवीस तास पाळीत माणसं. आयटीआय फिटर, डिझेल मेकॅनिक, होडीचा हात असलेली कोळीवाड्यातली मुलं इथे चटकन रुळतात. कंत्राटी नोकरीची अनिश्चितता मात्र असते, ती लपवून चालणार नाही.

रसायनशास्त्राची आवड असेल तर माटुंग्याच्या आयसीटीत तेल आणि सर्फॅक्टंट यांचाच अभ्यासक्रम आहे. तेल फोडणारी डिस्पर्संट नावाची रसायनं त्याच विद्येतून येतात. ती कुठे फवारायची नाहीत, हे कळणं जास्त महत्त्वाचं. उथळ खाडीत फवारली तर तेल डोळ्यांसमोरून जातं आणि माशांच्या अंड्यांपर्यंत पोचतं. तिवरांत तर कधीकधी हात न लावणं हाच उपाय असतो, कारण साफ करायला गेलेल्या माणसांच्या पायांनी तेल चिखलात खोल दाबलं जातं. असा निर्णय देणारा माणूस जीवशास्त्रातून येतो. रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, वर्सोव्याची सीआयएफई, गोवा विद्यापीठाचा सागरी विज्ञान विभाग या त्याच्या पायऱ्या.

आणखी एक शाखा आपल्याकडे फार कमी मुलांना ठाऊक आहे, ती म्हणजे नुकसानभरपाईचे दावे. जहाजमालकाच्या विम्यातून पैसे मिळवायचे तर मच्छीमाराला आपलं नुकसान सिद्ध करावं लागतं. गेल्या दोन-तीन हंगामांची मासळी किती, लिलावाच्या पावत्या, डिझेलची बिलं, जाळ्याची किंमत, खराब जाळ्याचे फोटो. धंदा सगळा तोंडी चालतो, म्हणून दावा कोसळतो. सागरी कायदा, विमा, सर्वेक्षण यांतलं कुणी मराठी बोलणारं, कोळीवाड्यात पडवीत बसून ही कागदं लावून देणारं असेल, तर कितीतरी घरं वाचतील. कॉमर्स आणि लॉच्या मुलामुलींनी याचा गंभीरपणे विचार करावा, ही माझी विनंती आहे.

मुलींच्या पालकांना वाटतं की हे पुरुषांचं काम आहे. असिस्टंट कमांडंट म्हणून मुली आहेत, प्रयोगशाळांत तर आहेतच. धोक्याबद्दल विचाराल तर धोका आहे, पण तो बेशिस्तीत जास्त आहे. मास्क, हातमोजे, लाइफ जॅकेट याबाबत आग्रही असलेली संस्था निवडा.

त्या मुलाला मी सुट्टीचा अभ्यास दिला होता. जेटीवर दहा मीटर अंतर आखायचं, ओहोटीत लिंबू सोडायचं आणि वेळ मोजायची. पंधरा दिवसांनी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. लिंबाला चौदा सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.७ मीटर, बूमच्या मर्यादेच्या दुप्पट. खाली त्याने त्रिकोण काढला होता. साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणून बूम प्रवाहाशी ३० अंशांच्या कोनात. शेजारी वेगळ्या अक्षरात, बहुधा वडिलांच्या, एक बाण होता आणि लिहिलं होतं: ‘इथे नांगर धरणार नाही, गाळ आहे. वरच्या वळणाला टाका.’