विजेवर चालणारी मोटार : आराखडा, बांधणी आणि विक्री

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळे येथे एकत्र येतात. कापूस, केळी आणि डाळी यांची वाहतूक करणाऱ्या मालमोटारींनी ही वाट वर्षानुवर्षे गजबजलेली आहे. आता याच वाटेवर हिरव्या क्रमांकपट्टीची, धूर न सोडणारी मोटारही धावताना दिसू लागली आहे. विजेवर चालणाऱ्या या मोटारीविषयी कुतूहल पुष्कळ आहे. त्याचबरोबर शंकाही पुष्कळ आहेत. जळगावच्या उन्हात ती टिकेल काय? गावच्या रोहित्राला तिचा भार पेलेल काय? बिघडल्यास ती दुरुस्त कोण करील?

या प्रश्नांची उत्तरे शोधावयाची तर ही मोटार कशी आखली जाते, कशी बांधली जाते आणि कोणत्या भरवशावर विकली जाते, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे. सुदैवाने यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील चाकण आणि रांजणगाव ही या उद्योगाची प्रमुख केंद्रे आहेत.

पूर्वपीठिका

भारतात विजेवरील मोटार प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आणण्याचा मान बंगळूरच्या 'रेवा' या छोट्या गाडीकडे जातो. चेतन मैनी यांच्या पुढाकाराने ती २००१ साली विक्रीस आली. साध्या शिसे-आम्ल बॅटरीवर चालणारी ही गाडी एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर जात असे. लंडनच्या रस्त्यांवर 'जी-विझ' या नावाने ती काही काळ लोकप्रिय झाली. मायदेशी मात्र तिला ग्राहक मोजकेच लाभले. २०१० साली महिंद्र कंपनीने या उद्योगात बहुसंख्य भाग घेतला आणि २०१३ साली लिथियम बॅटरीची 'ई-टू-ओ' ही गाडी आणली. तीही फारशी खपली नाही. पल्ला कमी, किंमत अधिक आणि वाटेत चार्जिंगची सोय नाही, ही त्यामागील कारणे होती.

पुढील टप्प्यात शासन स्वतः ग्राहक झाले. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या संस्थेने २०१७ साली १०,००० विद्युत मोटारींसाठी निविदा काढली आणि टाटा व महिंद्र या दोन कंपन्यांना काम मिळाले. महाराष्ट्र शासनानेही १ जानेवारी २०२२ पासून शासकीय उपयोगासाठी घ्यावयाची नवी वाहने विजेवर चालणारी असावीत, असा निर्णय घेतला. दरम्यान जानेवारी २०२० मध्ये टाटांची 'नेक्सॉन ईव्ही' बाजारात आली आणि सामान्य कुटुंबाने विकत घ्यावी अशी पहिली विद्युत मोटार म्हणून ती रुजली.

आराखड्याचा आरंभ बॅटरीपासून

पेट्रोलच्या मोटारीचा आराखडा इंजिनाभोवती आखला जातो, तर विजेवरील मोटारीचा बॅटरीभोवती. गाडीच्या एकूण खर्चापैकी सुमारे एक-तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक वाटा एकट्या बॅटरीचा असतो. गाडीचे वजन, पल्ला, किंमत आणि सुरक्षितता या सर्व गोष्टी तिच्यावरच ठरतात.

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत सांगितली जाते. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट होय. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे सुमारे तीस युनिटे साठविणारी होती. प्रमाणित चाचणीत तिचा पल्ला ३१२ किलोमीटर भरला. प्रत्यक्ष रस्त्यावर तो २०० किलोमीटरच्या आसपास येतो, असे समजून चालावे. चाचणी ठरावीक वेगाने व ठरावीक परिस्थितीत होते. महामार्गावरील वेग, वातानुकूलन आणि गाडीतील भार यांमुळे वीज अधिक खर्च होते.

आराखड्याचे दोन मार्ग आहेत. पेट्रोलसाठी बनविलेल्या गाडीतच फेरबदल करून इंजिन व टाकीच्या जागी मोटर व बॅटरी बसविणे, हा पहिला मार्ग. नेक्सॉन याच मार्गाने आली. यात खर्च व वेळ वाचतो आणि सांगाडा आधीच पारखलेला असतो. परंतु बॅटरीला जागा मर्यादित मिळते. दुसरा मार्ग म्हणजे आरंभापासून विजेसाठीच आखलेला सांगाडा. यात बॅटरी गाडीच्या तळाशी सपाट पसरलेली असते आणि तिच्यावर बैठक उभी राहते. वजन खाली राहिल्याने गाडी स्थिर चालते व आत जागाही अधिक मिळते. महिंद्र कंपनीच्या नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या गाड्या या प्रकारच्या आहेत. त्यांत ५९ व ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्यांचा पर्याय आहे. त्यांच्या घडणीत मुंबईतील व इंग्लंडमधील बॅनबरी येथील आरेखन केंद्रे तसेच चेन्नईजवळील महिंद्र रिसर्च व्हॅली यांचा सहभाग आहे.

आराखड्यातील आणखी एक वैशिष्ट्य खान्देशातील वाचकांस सहज पटेल. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना पेट्रोलची गाडी ब्रेक तापवीत उतरते. विजेवरील गाडीची मोटर उतारावर जनित्राचे काम करते आणि वाया जाणाऱ्या शक्तीचा काही भाग बॅटरीत परत भरते.

कारखान्यातील बांधणी

चाकणच्या कारखान्यात पोलादी पत्रे दाबयंत्रांत घडविले जातात, यंत्रमानव ते एकमेकांस जोडतात आणि त्यानंतर रंगकाम होते. येथवरची क्रिया इतर मोटारींसारखीच आहे. फरक पडतो तो बॅटरीसंच तयार करण्यात. अनेक लहान विद्युतघट एका मजबूत पेटीत रचून जोडले जातात. घट तापू नयेत म्हणून त्यांच्यालगत थंड द्रव खेळविण्याची व्यवस्था असते. घटांचे तापमान व विद्युतदाब यांवर एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अखंड लक्ष ठेवते आणि धोका जाणवताच प्रवाह तोडते. पाणी व धूळ आत शिरणार नाही याची परीक्षा झाल्यावर ही जड पेटी गाडीला खालून बसविली जाते.

विजेच्या मोटरीत फिरणारे भाग अगदी थोडे असतात. इंजिनातील दट्टे, झडपा आणि धूर वाहून नेणारी नळी यांची तिला गरज नाही. इंजिन तेल बदलण्याचेही कारण उरत नाही. देखभालीचा खर्च त्यामुळे कमी होतो. परंतु या उद्योगाची एक दुबळी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. विद्युतघट आजही प्रामुख्याने परदेशातून, विशेषतः चीनमधून येतात. मोटरीतील शक्तिशाली चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा भारतातील वाहन उद्योगाला त्याची झळ पोहोचली. देशात घटनिर्मिती व्हावी म्हणून केंद्र शासनाने २०२१ साली १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, ती याच कारणासाठी.

चाचणी आणि सुरक्षितता

कारखान्यातून निघालेली प्रत्येक नवी जात विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणित व्हावी लागते. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था या कामी देशभर परिचित आहे. २०२२ साली विजेवरील दुचाकींना आगी लागल्याच्या काही घटना घडल्या आणि वसई येथे एका विद्युत मोटारीनेही पेट घेतला. त्याच वर्षी डिसेंबरपासून बॅटरीविषयक सुरक्षा नियम टप्प्याटप्प्याने अधिक कडक करण्यात आले.

विक्री : किंमत आणि भरवसा

विजेवरील मोटारीची खरेदीची किंमत तशाच पेट्रोल मोटारीपेक्षा सहसा अधिक असते. चालविण्याचा खर्च मात्र बराच कमी. शाळेत सोडवून घेण्याजोगे एक गणित पाहू. जळगाव ते धुळे आणि परत हे अंतर सुमारे १९० किलोमीटर आहे. शंभर किलोमीटरला १५ युनिटे धरल्यास २८ ते २९ युनिटे लागतील. चार्जिंगमधील घट धरून ३२ युनिटे घेऊ. युनिटला १० रुपये दर मानल्यास खर्च ३२० रुपये होतो. लिटरला १६ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या गाडीस सुमारे १२ लिटर लागतील. लिटरला १०० रुपये मानल्यास खर्च १,२०० रुपये होतो. रोजचा प्रवास अधिक असणाऱ्यास ही मोटार परवडते. महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्यास जादा किंमत भरून यावयास अनेक वर्षे लागतील.

कंपन्या विक्री करताना या बचतीबरोबर भरवसाही विकतात. पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीस ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. महिंद्र कंपनीने नव्या गाड्यांच्या पहिल्या खासगी मालकास बॅटरीची आजीवन हमी देऊ केली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी खुली होताच एका दिवसात ३०,१७९ गाड्यांची मागणी नोंदली गेली. शासनाचाही हातभार आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर विद्युत मोटारींना पथकरातून सूट देण्याची तसेच महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याची तरतूद आहे.

खान्देशातील कसोटी

पहिली कसोटी उन्हाची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. लिथियम घटांना साधारणतः १५ ते ३५ अंश तापमान मानवते. सततच्या उष्णतेने त्यांचे आयुर्मान घटते. लोह-फॉस्फेट जातीचे घट उष्णता त्यातल्या त्यात चांगली सोसतात. म्हणून गाडी घेताना घट कोणत्या जातीचे आहेत आणि ते द्रवाने थंड होतात की केवळ वाऱ्याने, हे विचारावे. गाडी सावलीत उभी करावी. दुपारच्या प्रवासावरून आल्याबरोबर चार्जिंगला न लावता रात्री लावावी.

दुसरी कसोटी वीजपुरवठ्याची. घरगुती चार्जिंग सुमारे ३.३ किलोवॅट वीज ओढते. पाच अश्वशक्तीच्या कृषिपंपापेक्षा हा भार थोडा कमीच आहे. तथापि घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॅट असेल, तर तो वाढवून घेणे, स्वतंत्र तार टाकणे आणि चांगले अर्थिंग करणे अत्यावश्यक आहे. आकडा टाकून किंवा जुन्या जोडतारेवरून चार्जिंग करणे म्हणजे आगीस निमंत्रण होय. महामार्गावरील ६० किलोवॅटचे जलद चार्जिंग यंत्र मात्र अशा सोळा पंपांइतकी वीज एकाच वेळी मागते. गावाचे रोहित्र १०० केव्हीएचे असेल, तर हे यंत्र त्यावर जोडणे गावावर अन्याय करण्यासारखे आहे. त्यासाठी स्वतंत्र रोहित्र हवे.

वीज कोठून येते, हेही पाहिले पाहिजे. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वीज तयार होते. त्याच खान्देशात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. सूर्य व वारा यांच्या विजेचा वाटा जसा वाढेल, तशी ही मोटार खऱ्या अर्थाने स्वच्छ होईल.

तिसरी आणि सर्वांत नाजूक कसोटी माणसांच्या रोजगाराची. तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला गॅरेज चालविणाऱ्या कारागिराचे हात इंजिनावर बसलेले आहेत. विजेवरील मोटारीत तीनशे व्होल्टहून अधिक दाबाचा प्रवाह खेळतो. प्रशिक्षणावाचून तिला हात लावणे जिवावर बेतू शकते, आणि प्रशिक्षण न मिळाल्यास हा कारागीर धंद्यातून बाहेर फेकला जाण्याची भीती आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा व्यवसाय समाविष्ट झाला आहे. तरुण विद्यार्थ्यांबरोबर अनुभवी कारागिरांनाही अल्पमुदतीचे शिक्षण मिळण्याची सोय तालुका पातळीवर व्हावयास हवी.

आपले कर्तव्य

चार्जिंग केंद्र चालविण्यास वीज कायद्याखालील परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. म्हणजे महामार्गालगतची ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा बचत गटही नियमानुसार वीजजोडणी घेऊन असे केंद्र काढू शकतो. जागा निवडताना स्वतंत्र रोहित्र, सावली, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांचा विचार व्हावा. कारण गाडी चार्ज होईपर्यंत प्रवासी तेथेच थांबणार आहे आणि त्यातूनच गावात चार पैसे येणार आहेत.

निकामी बॅटऱ्या उकिरड्यावर किंवा भंगारात जाऊ न देणे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ही माहिती ग्रामसभेत दिली जावी. शिक्षकांनी युनिट, किलोवॅट आणि पल्ला यांची गणिते वर्गात करून घ्यावीत. अधिकाऱ्यांनी कार्यालयासाठी वाहन घेण्यापूर्वी रोजचे अंतर आणि चार्जिंगची जागा यांचा मेळ घालावा.

रेवा आणि ई-टू-ओ यांचा अनुभव हेच सांगतो की, उत्तम कल्पना केवळ कारखान्यात सिद्ध होत नाही. वाटेवरची सोय, घरातील सुरक्षित जोडणी आणि दुरुस्ती जाणणारे हात यांची जोड मिळाली, तरच ती लोकांच्या उपयोगी पडते. चाकणचा कारखाना आपले काम करीत आहे. पुढील तयारी जळगाव-धुळ्याच्या गावांनी व तालुक्यांनी करावयाची आहे, आणि ती गाड्यांची गर्दी होण्यापूर्वीच केलेली बरी.