गाडीतला वायरलेस

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना गाडी बंद पडली आणि मोबाइलला रेंज नसली, तर वायरलेस संच उपयोगी पडू शकतो. त्याची एरियल किती लांब हवी? हौशी रेडिओचालक 145 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. 300 ला 145 ने भागा. तरंगलांबी सुमारे 2.07 मीटर येते. तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे साधारण 52 सेंटिमीटरची सळई पत्र्याच्या टपावर मधोमध उभी करतात. संचाची तार फ्यूजमधून बॅटरीला जोडतात. हे तरंग डोंगराआड सहसा पोचत नाहीत. म्हणून शिखरावर संदेश पुढे धाडणारे केंद्र लागते.

मात्र परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना मिळवल्याशिवाय या संचावर बोलू नका. एकाच वारंवारतेवर दोघे बोलले, तर कुणाची तरी मदतीची हाक बुडते.