आपल्या नांदेडचे विमानतळ



गुरुजींनी या महिन्यात 'आपला परिसर' हा विषय दिला. कोणी गोदावरी नदी घेतली, कोणी केळीची बाग घेतली. मी विमानतळ घेतले. तेव्हा मुले हसली. "आपल्यातलं कोण इमानात बसलंय ग?" असे एकजण म्हणाला. खरे आहे. मी पण बसले नाही. माझे बाबा रोज विमानतळावर जातात, ते पण बसले नाहीत. ते ऑटो चालवतात. "मग आपल्याला त्याचा काय उपयोग?" असेही तो म्हणाला. त्याचे उत्तर मी शेवटी लिहिले आहे. आधी माहिती वाचा.

विमानतळाचे नाव

हे विमानतळ नांदेड शहराला लागूनच सांगवीच्या बाजूला आहे. त्याचे नाव श्री गुरू गोविंदसिंघजी विमानतळ. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंघजी १७०८ साली नांदेडला होते. इथेच त्यांनी गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले आणि इथेच त्यांचा देह पडला. म्हणून पंजाबातून खूप लोक हुजूरसाहिबच्या दर्शनाला येतात. २००८ साली या गोष्टीला ३०० वर्षे झाली. त्या वेळी मोठा सोहळा झाला आणि त्यासाठी विमानतळ मोठे केले.

नांदेड हे पूर्वीपासून कापसाचे गाव. उस्मानशाही मिल इथलीच. आबा सांगतात की मिलच्या भोंग्यावर लोक घड्याळ लावायचे. आता हैदराबादच्या रस्त्याला कृष्णूर येथे एमआयडीसी आहे. म्हणजे दर्शनाला येणारे आणि कामधंद्याला येणारे, असे दोन्ही लोक विमानाने येतात.

धावपट्टी कशी असते?

विमान पळते त्या रस्त्याला धावपट्टी म्हणतात. नांदेडची धावपट्टी सुमारे २३०० मीटर लांब आहे. आपले शाळेचे मैदान गुरुजींनी मोजून दाखवले, ते ५० मीटर भरले. अशी ४६ मैदाने एका रेषेत ठेवली तर तेवढी धावपट्टी होईल.

धावपट्टीच्या एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ हे आकडे असतात. मला वाटले, हा गाडीसारखा नंबर असेल. पण तसे नाही. ती दिशा आहे. होकायंत्रात उत्तरेपासून मोजायचे. पूर्व म्हणजे ९० अंश, दक्षिण १८० आणि पश्चिम २७०. धावपट्टीच्या आकड्यापुढे एक शून्य लावायचे. १० चे झाले १००, म्हणजे विमानाचे नाक जवळजवळ पूर्वेला. २८ चे झाले २८०, म्हणजे नाक जवळजवळ पश्चिमेला. दोन्ही आकड्यांत १८ चा फरक असतो, कारण तोंड उलट फिरवले की १८० अंश होतात.

कोणत्या बाजूने पळायचे ते वारा ठरवतो. तिथे खांबाला कापडाची लांब पिशवी बांधलेली असते. वारा आला की ती फुगते आणि वारा कुठून येतो ते समजते. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते. समोरून वारा आला की पंखांना लवकर उचल मिळते. पतंग उडवताना आपण पण वाऱ्याकडे तोंड करून पळतो. खळ्यावर माय उफणायला उभी राहते तेव्हा आधी वारा बघते. तसेच विमान चालवणारा पण बघतो.

पक्षी विमानाला फार धोक्याचे असतात. म्हणून विमानतळाच्या जवळ कोणी खरकटे, मेलेली जनावरे टाकू नयेत. घारी येतात.

विमाने सुरू झाली, बंद पडली

सरकारने 'उडान' नावाची योजना काढली. छोट्या गावांना विमान मिळावे म्हणून ती योजना आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून तिची पहिली विमाने सुरू केली. त्यांत नांदेड-हैदराबाद हे विमान पण होते. एसटीने हैदराबादला जायला पाच-सहा तास लागतात, विमान तासाभरात जाते. या योजनेत काही जागांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या आसपास ठेवले होते. त्यामुळे कंपनीला जी तूट येते ती सरकार तीन वर्षे भरून देते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमृतसरचे विमान पण सुरू झाले. रेल्वेने अमृतसरला जवळपास दीड दिवस लागतो.

पण पुढे विमाने बंद पडली. मी दुसरीत होते तेव्हा नांदेडला प्रवाशांचे विमान येतच नव्हते. धावपट्टी होती, इमारत होती, पण माणसे नव्हती. बाबा सकाळी जायचे आणि रिकामे परत यायचे. मग ते रेल्वे स्टेशनवर उभे राहू लागले. तिथे आधीच खूप ऑटो, नंबर लागायला दुपार व्हायची. ऑटोचा हप्ता थकला. मायने आमच्या दोन शेळ्या विकल्या. त्यातली एक माझी होती, तिचे नाव चांदणी.

नंतर ३१ मार्च २०२४ रोजी विमाने पुन्हा सुरू झाली. बंगळूरला, दिल्लीजवळच्या हिंडनला आणि पंजाबातल्या आदमपूरला. त्या आठवड्यात एकदा आमच्या घरावरून आवाज आला तेव्हा मी भांडी घासत होते. मी ओरडले, "माय, इमान येऊलालं बघ!" माय बाहेर आली आणि वर बघत राहिली. काही बोलली नाही.

लातूरला १९९१ साली बांधलेले विमानतळ आहे. माझी मावशी लातूरला डाळमिलमध्ये कामाला आहे. ती म्हणते, तिथे पण धावपट्टी आहे, पण रोजच्या विमानांची ये-जा काही टिकली नाही. यावरून मला समजले की नुसत्या धावपट्टीने विमानतळ होत नाही. विहीर खोदली तरी पाणी लागावे लागते, तसे हे आहे.

आता उत्तर

आबा म्हणतात, "आपल्याला इमान कशाला? आधी गावात एसटी दोन टायमाला येऊ दे." आबांचे बरोबर आहे. एसटी पाहिजेच. पण मी त्यांना एक हिशेब सांगितला. एसटीत चाळीस-पंचेचाळीस माणसे बसतात, त्या विमानात ७६ जागा आहेत. सगळी माणसे उतरली आणि एका ऑटोत तीन बसली, तर २५ ऑटो भरतात आणि एक माणूस उरतो. तो उरलेला एक जरी बाबांना मिळाला तरी आमच्या घरची त्या दिवशीची भाजी निघते. बाकीच्यांना चहा लागतो, जेवण लागते, राहायला खोली लागते. चहावाला दूध आपल्याच खेड्यांतून घेतो. म्हणून विमानात न बसणाऱ्याला पण विमानाचा उपयोग असतो.

आबांनी हिशेब ऐकला आणि म्हणाले, "मग बंद पडू देऊ नका म्हणावं." म्हणूनच मी हे लिहिले.

बाबा म्हणतात, तू मोठी झालीस की तुला विमानात बसवीन. मी म्हटले, आधी चांदणीसारखी एक शेळी घेऊ.

सांगा पाहू

१. धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आहे, तर दुसऱ्या टोकाला कोणता आकडा असेल?
२. आज आपल्या शाळेवरचा झेंडा कोणत्या बाजूला फडकत आहे? आता विमान उडाले तर ते कोणत्या दिशेला तोंड करील?
३. पालकांनी सांगावे : आपल्या गावातले कोणाकोणाचे काम नांदेडला येणाऱ्या माणसांवर चालते? नावे खालच्या कोऱ्या कागदावर लिहावीत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी