पाणी नितळ आहे, पण त्यात क्लोरीन आहे का?

पावसाला सुरुवात होऊन आठवडा झाला की दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. काविळीचे रुग्ण त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने येऊ लागतात, कारण कावीळ अ आणि ई यांच्या विषाणूंना शरीरात उतरून रंग दाखवायला तेवढा वेळ लागतो. ‘पाणी कुठलं पिता?’ असं विचारलं की अलीकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘डॉक्टर, आमचं पाणी चांगलं आहे, टीडीएस दीडशेच आहे.’

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. ते मोजायचं यंत्र जंतू मोजत नाही. हंडाभर पाण्यात थोडं मैलापाणी मिसळलं, तरी तो आकडा फारसा हलणार नाही. भारतीय मानकाप्रमाणे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंतही चालवून घेतलं जातं. ई. कोलाय या विष्ठेतल्या जिवाणूबाबत मात्र अशी सूट नाही. १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही सापडता कामा नये.

नदीचे निकष वेगळे असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या ५०० पर्यंत असली तरी नदी अंघोळीला योग्य ठरते. फक्त निर्जंतुक करून पिता येईल अशा स्रोतासाठी ही मर्यादा ५० आहे. म्हणून ‘नदीचं पाणी चांगलं आहे’ असं कुणी म्हटलं, तर कशासाठी चांगलं, हे आधी विचारावं. नदीकाठच्या विहिरीलाही हाच प्रश्न लागू होतो. ओढ्याचं सांडपाणी झिरपून तिच्यात उतरतं आणि पाणी दिसायला मात्र नितळ राहतं.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे आजाराचे रुग्ण एकदम वाढले. संशयितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे, विहिरींकडे वळलं. हा जिवाणू दूषित पाण्यातून येतो, तसाच कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मटणातूनही. आधी साधे जुलाब होतात. मग क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती जंतूऐवजी स्वतःच्याच नसांवर उलटते आणि पायांतली ताकद जाऊ लागते.

दूषित पाण्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. नळाच्या शेवटच्या घरापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. ते शिल्लक असेल तर वाटेत फुटक्या जोडातून शिरलेल्या जंतूंशीही सामना होतो. गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. ही टेस्ट टाकीजवळ न करता गावाच्या टोकाच्या नळावर करायला सांगा. क्लोरीनसाठी टाकायच्या टीसीएल पावडरचं पोतं उघडं राहिलं तर तिचा जोर जातो, त्यामुळे ‘पावडर टाकली’ एवढ्यावर समाधान मानू नका. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी सोडू नये. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्यावं, कारण क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं.

पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून लोक तक्रार करतात आणि मग पावडर कमी टाकली जाते. माझ्या मते ही तक्रार गावाला महागात पडते. हलका वास येत असेल तर तो येऊ द्या.

शहरातल्या सोसायट्यांचं दुखणं वेगळं. महापालिकेचं पाणी चांगलं येतं आणि ड्रेनेजच्या चेंबरला खेटून असलेल्या जमिनीखालच्या टाकीत बिघडतं. आरओ यंत्र क्लोरीनही काढून टाकतं, त्यामुळे त्यातलं पाणी उघड्या भांड्यात दोन दिवस ठेवलं तर त्याला कसलंच संरक्षण उरत नाही. माठात पेला बुडवू नका, ओगराळं वापरा. शंका आली तर पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही.

उकळून फक्त जंतू मरतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले क्षार, यवतमाळ-चंद्रपूरकडचं फ्लोराइड आणि खतांमधून बोअरमध्ये उतरणारं नायट्रेट उकळल्याने जात नाही. पाणी आटून त्यांचं प्रमाण उलट वाढतं. बाटलीच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला नायट्रेटचं पाणी घातक ठरू शकतं. अशा भागात रासायनिक तपासणी झालेलाच स्रोत वापरा.

ग्रामपंचायतीला वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कोणतं आहे, ते विचारा. लाल असेल तर ग्रामसभेत कारण मागा.

जुलाब सुरू झाले तर ओआरएस लगेच सुरू करा आणि लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्या. गरोदर बाईला कावीळ झाली तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. कावीळ ई शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. आणि जुलाब थांबून आठवडा-दोन आठवड्यांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढणं जड जाऊ लागलं, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.